अडुळशाच्या पानातली चांदी

शुद्धलेखन माझं कच्चं आहे. वेलांटी पहिली की दुसरी, हे चौथीपर्यंत जेवढं कळलं तेवढंच. अक्षर शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापल्यासारखं, एक जाड, एक पसरट, एक ओळ सोडून खाली घसरलेलं. त्याबद्दल आधीच माफी मागते. बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बाया ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतो, पण शाळेतल्या बाईंनी लिहिताना ‘आले, गेले’ लिहायला शिकवलं होतं, तेवढं पाळते. हे कुणाला दाखवायचं नाही. तोंडानं मला बोलता येत नाही. चार माणसं समोर असली की आवाज घशातच बसतो. मग पोटात जे साठतं ते सगळं गोड नसतं, आणि इथंही ते गोड करून लिहिणार नाही.

आमच्या म्हशी आहेत. रोज संध्याकाळी मालक, म्हणजे माझा नवरा, त्या दूध कट्ट्यावर नेऊन बांधतात, लोकांच्या डोळ्यांसमोर धार काढतात आणि तिथल्या तिथं पेल्यात घालून विकतात. धारोष्ण दूध म्हणतात त्याला. कोमट असतं, फेस वर आलेला असतो. बाहेरगावची माणसं मुद्दाम बघायला येतात. पिणारे तीन प्रकारचे. तालमीत जाणारे, पूर्वी कधीतरी तालमीत गेलेले, आणि तालमीच्या दारावरनं रोज घरी जाणारे. तिसरे सगळ्यांत जास्त, आणि आवाजही त्यांचाच मोठा. पोट सदऱ्यात मावत नाही, जिना चढताना धाप लागते, पण पेला रिकामा केला की मिशीवरचा फेस मनगटानं पुसून दंडाकडं अशी नजर टाकतात, की आता कुस्ती पुकारायचीच बाकी आहे.

माझी जागा मागं, बादलीपाशी. एकानं पिऊन पेला सरकवला की मी तो बादलीत बुडवायचा, उपडा करून झटकायचा, की दुसऱ्याच्या हातात. संध्याकाळभर तेच पाणी. नळ गल्लीच्या टोकाला आहे. मी एकदा बादली उचलून निघाले होते, तर मालक म्हणाले, “कुठं निघालीस? पेल्यात दूधच हुतं की. त्येला काय इख लागलंय?” मी परत बसले. अंधार पडेपर्यंत त्या पाण्याचा रंग ताकासारखा व्हायचा. कडेला म्हशी उभ्या, त्यांच्या शेपट्या हलायच्या, शिंतोडे उडायचे, ते कुठं पडायचे हे मला दिसायचं. पिणाऱ्यांना दिसत नव्हतं, कारण ते एकमेकांच्या दंडांकडं बघत होते.

मालक तसे मूळचे ह्या धंद्यातले नाहीत असं त्यांना वाटतं. जन्मले गवळ्याच्या घरात, पण तरुणपणी हुपरीला चांदीच्या कामाला गेले होते. पैंजणाच्या कड्या जोडायचे. पुढं मशीनचा माल आला, ते काम गेलं, आणि ते म्हशींकडं परत आले. पण ‘मी चांदीतला माणूस’ ही ऐट काही परत दिली नाही. शेणात पाय भरलेला असला तरी गोष्ट हुपरीची. त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे तिथला केर. चांदीच्या कारखान्यातला केर तिथं कुणी टाकत नाही. झाडलोट, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, बसायची फाटकी पोती, सगळं साठवून जाळतात, आटवतात, आणि त्यातनं चांदी काढतात. “कोल्हापुरात केर टाकत्यात, हुपरीत केर विकत्यात,” असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. जुन्यालाही सांगायचे.

आमच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत गडहिंग्लजकडची एक मुलगी भाड्यानं राहायला आली. कॉलेजात संशोधन करत होती. अंगानं बारीक, बोलायला नीट, आणि भाडं वेळेवर. ती मला अक्का म्हणायची. तिच्याकडं थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. सासरी मला वहिनी, काकू, अगं आणि ए, एवढ्याच हाका होत्या. नवी हाक ऐकून पहिल्यांदा मी मागं वळून बघितलं, की दुसरं कोण आहे.

परसात आमच्या अडुळशाचं झुडूप आहे. तिनं पानं मागितली.

“खोकला झालाय व्हय?” मी विचारलं.

“मला न्हाय, अक्का. चांदीला काढा पाजायचाय.”

मला वाटलं थट्टा करते. मग तिनं दोन दिवसांनी कॉलेजातनं एक लहान बाटली आणून दाखवली. आत चहासारखं तपकिरी पाणी. चांदीचा क्षार पाण्यात विरघळवला की पाणी बिनरंगाचं दिसतं. त्यात अडुळशाच्या पानांचा काढा घातला की हळूहळू हा रंग चढतो. म्हणजे त्या पाण्यात चांदीचे कण तयार झाले. इतके बारीक, की कण दिसत नाहीत, नुसता त्यांचा रंग दिसतो. एरवी हेच कण करायला कडक रसायनं लागतात, ती म्हणाली, इथं ते काम झाडाचं पान करतं. मग ते कण कागदाच्या पट्टीत बसवायचे, आणि कणांवर आणखी एक औषध चढवायचं, जे एकाच जातीच्या जंतूला ओळखतं. शेणातनं दुधात जाणारा, माणसाचं पोट बिघडवणारा जंतू. तो असला तर कण त्याला धरतात, पट्टीवर ठरलेल्या जागी जाऊन अडकतात आणि तिथं तपकिरी रेघ उमटते. एक रेघ नेहमीच येते, पट्टी चालू आहे हे कळण्यासाठी. दुसरी आली की समजायचं, जंतू आहेत.

“पानं तुमची फुकटची,” ती म्हणाली. “चांदी नावापुरती. महाग काय, तर ते वळखणारं औषध. लांबनं येतंय, बर्फात घालून.”

हे मला तिनं ओट्यावर बसून सांगितलं, मी गवार निवडत असताना. चौथी शिकलेल्या बाईला कशाला सांगायचं, असा भाव तिच्या तोंडावर नव्हता. त्याउलट तिचे सर एकदा आले होते, म्हशी बघायला. नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले, माझ्या घरात उभं राहून माझ्याबद्दल त्या मुलीलाच विचारलं, ‘ह्या धुतात का भांडी?’, चहा नको म्हणाले आणि गेले.

तिला कट्ट्यावरचं दूध तपासायचं होतं. ती बाटल्या घेऊन आली त्या संध्याकाळी कट्ट्यावर जत्रा झाली. पट्टी बघून एकजण म्हणाला, “मॅडम, म्हशीला दिवस गेल्यात का बघताय व्हय?”

“दोन रेघा आल्या तर बारसं हितंच करूया की,” दुसरा म्हणाला.

“नाव काय ठेवायचं?”

“बापाचं बघून ठेवू.”

सगळे हसले. मालकही हसले, म्हैस त्यांचीच असून. मुलीनं मान खाली घालून एका बाटलीत सडातनं सरळ धार घेतली, दुसऱ्या बाटलीत पेल्यातलं दूध घेतलं. खोलीवर नेऊन ते तिच्या कसल्याशा पाण्यात मिसळलं, उबेला ठेवलं, आणि सकाळी मला वर बोलवून पट्ट्या दाखवल्या. सडातल्या दुधाच्या पट्टीवर एक रेघ. पेल्यातल्या दुधाच्या पट्टीवर दोन. तिनं लगेच मानलं नाही. कॉलेजात नेऊन दुसऱ्या पद्धतीनं थाळीत जंतू वाढवून बघितले. तेच निघालं.

मालकांनी तिला एकटीला विचारायला हवं होतं. त्यांनी कट्ट्यावर, भरगर्दीत विचारलं, कारण उत्तर काय येणार ह्याची त्यांना खात्री होती. “काय म्हणतीया तुझी पट्टी?”

ती खरं बोलली. “दूध चांगलं हाय, काका. पेला घाण हाय.”

मग एक जुनं गिऱ्हाईक पुढं आलं. “चाळीस वरसं पितोय मी हितं. मेलोय का?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बादलीमागनं त्याच्याकडं बघत होते. चाळीस वर्षांत ह्या माणसाच्या हातनं झालेलं काम एवढंच, की तो मेला नाही. आणि त्याची बायको मला बाजारात भेटली की सांगते, आठवड्यातनं दोनदा तरी त्याच्यासाठी भात मऊ शिजवावा लागतो, पोट ठिकाणावर राहत नाही म्हणून. तो दोष वड्याच्या गाडीला देतो.

“ये पोरी,” मालक म्हणाले, “धंदा बसवायला आलीस काय?”

कट्ट्याचं नाव कुठं लिहिणार नाही, असं तिनं कबूल केलं. तिला उन्हाळा संपेपर्यंत तपासत राहायचं होतं, कारण उन्हात जंतू वाढतात. मालकांनी हो म्हटलं. मोठ्या मनानं नव्हे, खोली रिकामी पडेल म्हणून.

उन्हाळ्यासाठी लागणाऱ्या पट्ट्या तिनं एकदम करून ठेवल्या. वरचा पत्रा तापतो आणि पट्ट्यांना उष्णता, ओल दोन्ही चालत नाही, म्हणून डबा माझ्याकडं दिला. “अक्का, तुमच्या कपाटात असू दे. सगळं ह्येच्यावर हाय माझं.” त्या घरात माझ्या हवाली कुणी काही केलं, ते पहिल्यांदाच. मी तो डबा लुगड्यांच्या मधे ठेवला, लहान लेकरू ठेवल्यासारखा.

एक दिवस चहा पिताना मालकांनी तिला विचारलं, पट्टीत असतं तरी काय. तिनं मला सांगितलं होतं तेच सांगितलं. पान, काढा, जंतू, औषध, सगळं. त्यांच्या कानात त्यातला एकच शब्द गेला.

ती दोन दिवस गावी गेली होती. मी मंडईतनं परत आले तर गल्लीच्या तोंडापर्यंत प्लास्टिक जळाल्याचा वास. परसात मालक उकिडवे बसलेले. समोर कोळशाची शेगडी, तिच्यात हुपरीहून आणलेली जुनी मूस, म्हणजे चांदी आटवायचं मातीचं भांडं, हातात फुंकणी, बाजूला धातू वितळवताना घालायच्या टाकणखाराची पुडी. कट्ट्यावरचे दोघे पंच म्हणून बसलेले. डबा उघडा, आणि त्यात काही नव्हतं.

“काय केलं ह्ये?” मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं, त्यांना नाही.

“ह्येला हुपरीचं डोकं लागतंय,” मालक पंचांना सांगत होते. “पोरीला शिक्षाण हाय, पर धातू ठावं न्हाय. चांदी कागदाला फासून ठेवलीया येडीनं.”

“किती निघंल?” एकानं विचारलं.

“निघंल की एक बिंदलीचं.”

लेकराच्या हातातल्या वाळ्याला बिंदली म्हणतात. आमच्या घरात लेकरू नाही. तरी त्यांच्या तोंडात तेच आलं, आणि ते बोलून त्यांना काही वाटलं नाही.

मूस थंड झाल्यावर ती दगडावर उपडी केली. बाहेर आली एक काळी ढेप, वर काचेसारखा तकाकलेला टाकणखार. “चमाकतंय की,” एक पंच म्हणाला. मालकांनी ती ढेप रुमालात बांधून सराफाकडं नेली, पंचांना घेऊन. तिथं काय झालं ते त्या पंचांनीच दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर रंगवून सांगितलं. सराफानं ढेप नखानं खरवडली, नाकाशी नेली आणि विचारलं, “पावणं, चप्पल आटवलीसा काय?”

मुलगी परत आली. रिकामा डबा बघून ती जिन्याच्या पायरीवर बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, “काका, अख्ख्या डब्यात मिळून तिळाएवढी बी चांदी नव्हती.”

“मग आधी सांगायचं न्हाईस? चांदी चांदी करत हिंडतीस आनि.” मालक म्हणाले. “आनि जळलं काय, कागदच न्हवं? कागदाचं एवढं काय घेऊन बसलीस.”

सराफाच्या दुकानात त्यांचं मोठं हसं झालं होतं, त्याचा राग त्यांनी तिच्यावर काढला, आणि जेवायला बसले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मी वाढल्या. हेही लिहून ठेवते.

जंतू ओळखणाऱ्या त्या औषधाचे पैसे तिनं वडिलांकडनं आणले होते. “आता परत मागितलं तर बाबा म्हणणार, बास झालं, ये घरी,” ती मला म्हणाली. “स्थळं बघून ठेवल्यात त्येनी. मी गेलो की परत यायचं न्हाय, अक्का.”

“पैसे मी देतो,” मी म्हटलं. आवाज व्यवस्थित बाहेर आला. तिनं वर बघितलं, कारण तिनं तो एवढा ठाम कधी ऐकला नव्हता.

“कुठनं देणार?”

ते मला ठाऊक नव्हतं.

तिच्या सरांनी आपल्या नावावर औषध पुन्हा मागवून दिलं. उपकाराची भाषा वापरून दिलं. पावसाळा लागायच्या आत पैसे हातात आले नाहीत तर तिच्या घरी फोन करणार, असंही सांगितलं. म्हणजे दोर वडिलांच्या हातातनं काढून सरांनी धरला, एवढाच फरक.

माझ्या हातात आमच्या घरातलं एकच होतं, शेण. दूध मालकांचं, म्हशी मालकांच्या, शेण माझं, कारण त्याला दुसरं कुणी हात लावत नव्हतं. थंडीभर थापलेल्या शेणींचा ढीग परसात रचलेला होता. पण होळी जवळ आली होती. आमच्याकडं होळी लहान करतात आणि शेणी स्मशानाला दान देतात. कोल्हापुरात माणूस मेला की त्याला जाळायला पैसे पडत नाहीत, ते असल्या दानावर चालतं. चांगली पद्धत आहे, माझं तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. मालकांनी मात्र मंडळाच्या पोरांना आधीच सांगून टाकलं होतं, की ह्या वर्षी सगळ्यांत मोठा ढीग आमचा. चौकात लाऊडस्पीकरवर दान देणाऱ्यांची नावं पुकारतात. तिथं मेलेल्यांसाठी दानशूर व्हायचं होतं त्यांना, आणि घरात जितीजागती मुलगी परत पाठवायची चाललेली त्यांना दिसत नव्हती.

मी कुंभार गल्लीत गेले. भट्टीला शेणी लागतात. किंमत सांगताना माझी जीभ चिकटली, तेव्हा कुंभारीण म्हणाली, “अगं, बोल की. मी काय तुझी सासू हाय?” तिनं गाडा पाठवला. मालक म्हशी घेऊन कट्ट्यावर गेले होते तेवढ्यात ढीग गेला.

मंडळाचा टेम्पो आला तेव्हा परसात खाली राहिलेल्या, कडा मोडलेल्या पाच शेणी होत्या. पोरांनी त्या इमानदारीनं उचलल्या. संध्याकाळी चौकात सगळा कट्टा जमलेला असताना मालकांचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट पुकारलं, आणि पुढं, “शेणी पाच.” पोरानं पुन्हा एकदा सांगितलं, त्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं. मागनं कुणीतरी विचारलं, “मुंगी जाळायची हाय काय?”

घरी येऊन ते दारातच उभे राहिले. “ढीग कुठं गेला?”

“इकला.”

“इकला? दानाचा ढीग? लाज घालवलीस माझी चार माणसांत.”

मी पीठ मळत होते. मान वर केली नाही. “हुपरीत केर इकत्यात न्हवं? मी श्यान इकलं.”

त्यांच्या सगळ्या गोष्टींचं एवढं चांगलं उत्तर एवढ्या सगळ्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. त्यानंतर आमच्या घरात केराची गोष्ट निघाली नाही. तेवढी एक शांतता मिळाली.

शेणींच्या पैशातनं अर्ध्याहून जास्त भागलं. राहिलेल्यासाठी मी साय साठवून तूप कढवलं, गल्लीत विकलं, आणि नव्या शेणी थापल्या. त्या उन्हात लवकर वाळत होत्या. मुलीनं तिकडं नव्या पट्ट्या केल्या, अडुळसा आमचाच. डबा ह्या वेळी कुंभारणीच्या घरी, गार कोनाड्यात. बादल्याही मी दोन केल्या, आणि घरनं कढत पाण्याची कळशी न्यायला लागले. मालक कुरकुरले, पण शेणींनंतर ते माझ्याशी जपूनच बोलतात. पेल्यातल्या दुधाच्या पट्टीवर आता एकच रेघ यायची. मी माहेरी गेले होते त्या दिवशी तेवढ्या दोन आल्या.

आणि मालकांनी काय केलं? पहिल्या तपासणीतली एक जुनी पट्टी त्यांना खोलीत सापडली. ती प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी कट्ट्यावर खिळ्याला टांगली. गिऱ्हाइकांना सांगतात, “कॉलेजनं पास केल्यालं दूध हाय ह्ये. बघा की, दोन रेघा. डबल पास.” पिणारे जवळ जाऊन बघतात, माना डोलावतात. त्यांच्यातला एकही वाचत नाही, विचारत नाही. आमच्या पेल्यातल्या घाणीचा दाखला भिंतीवर लावून ते त्याच्याखाली दंड चोळत दूध पितात. मुलगी सांगायला निघाली होती. “ऱ्हाऊ दे,” मी म्हटलं. “पेले मी धुतोय.”

वळीव येऊन गेला आणि आभाळ भरायला लागलं त्या दिवसांत शेवटचे पैसे जमले. मळकट नोटा होत्या, तुपाचा वास असलेल्या. मी वर जाऊन तिच्या हातात दिल्या.

“मोज,” मी म्हटलं.

“तुमचं काय मोजायचं, अक्का.”

“मोज म्हटलं की.”

तिनं मोजल्या. बरोबर होत्या. संध्याकाळी ती कॉलेजातनं आली ती सरळ कट्ट्यावर, गर्दीतनं वाट काढत बादलीपाशी. मालक कुणाला तरी दोन रेघा दाखवत होते. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि एक पेला उचलून कढत पाण्यात धरला.

“सरांनी बी मोजलं,” ती म्हणाली. “एक रुपाया ऱ्हायला न्हाय. फिटलं सगळं.”